अकरा देह, नाव एकाचंही नाही
हैदराबाद संस्थान, 1948 : अत्याचारांच्या नोंदींचा आढावा

10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. नेमक्या त्याच दिवसांत पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघे हैदराबाद संस्थानातल्या गावोगाव फिरत होते. भारतीय सैन्याची 'पोलीस ॲक्शन' होऊन अडीच-तीन महिने झाले होते. लोकांनी त्यांना विहिरी दाखवल्या. काही विहिरींत प्रेतं तशीच कुजत पडली होती. अशा एका विहिरीत डोकावून त्यांनी देह मोजले. अकरा भरले. त्यांत एक बाई होती आणि तिच्या छातीला तिचं लहान मूल चिकटलेलं होतं.

अकरा हा आकडा त्यांच्या अहवालात आहे, पण ते कोण होते हे त्यात नाही. ती बाई कोणत्या घरची होती, मूल किती महिन्यांचं होतं, विहीर कोणाच्या शेतात होती, हे तिथे वाचायला मिळत नाही. सत्तापालटाच्या काळात सामान्य माणसावर झालेल्या अन्यायाची नोंद कोण ठेवतं, कशी ठेवतं आणि पुढे त्या नोंदीचं काय होतं, हा प्रश्न जगभर विचारला जातो. आपल्या मराठवाड्यात तो या विहिरीपासून सुरू करावा लागतो.

पूर्णेकाठचा प्रदेश

हिंगोली जिल्ह्यातलं सिद्धेश्वर आज धरणामुळे ओळखलं जातं. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर आणि तिथून निघालेल्या कालव्यावर वसमत-परभणी-नांदेडकडची शेती. 1948 मध्ये ही धरणं नव्हती. हिंगोली जिल्हाही नव्हता, तो 1 मे 1999 रोजी झाला. तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या परभणी जिल्ह्यात होता. उत्तरेला पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. 15 ऑगस्ट 1947 नंतर ही नदी दोन जिल्ह्यांमधली हद्द राहिली नाही. अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे स्वतंत्र भारत, अशी ती सरहद्द झाली. हिंगोलीहून वाशीमला जाताना कनेरगाव नाका लागतं. त्या गावाने नावातला नाका अजून टाकलेला नाही.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना जन्मसाल विचारलं तर आकडा येत नाही. 'रझाकाराच्या साली मी रांगत होतो', 'पोलीस ॲक्शनच्या टायमाला माझं लग्न ठरलं होतं' असं उत्तर येतं. आयुष्य मोजण्याची खूणच तो काळ आहे. इतका खोल रुतलेला काळ कागदावर मात्र फार विरळ सापडतो, आणि जिथे सापडतो तिथे बहुतेक वेळा एकाच बाजूने लिहिलेला असतो.

ताबा म्हणायचं की मुक्ती?

1907 च्या हेग नियमांनुसार जो प्रदेश प्रत्यक्षात शत्रुसैन्याच्या अमलाखाली येतो तो व्याप्त प्रदेश. 12 ऑगस्ट 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराने अशा प्रदेशातल्या नागरिकांना अधिक नेमकं संरक्षण दिलं. हैदराबादला ही व्याख्या लागू होते का? भारत सरकारची भूमिका स्पष्ट होती : हा देशांतर्गत प्रश्न आहे. सैन्य गेलं, कारवाईचं सांकेतिक नाव 'ऑपरेशन पोलो' होतं, तरी जाहीर नाव 'पोलीस ॲक्शन' असंच ठेवलं गेलं. निजाम सरकारने ऑगस्ट 1948 मध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली आणि 16 सप्टेंबरला पॅरिसमध्येच ती चर्चेला आली. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शस्त्रं ठेवली आणि पुढच्या काही दिवसांत निजामाने ती तक्रार मागे घेतली.

मराठवाड्याच्या बहुसंख्य जनतेसाठी ही मुक्ती होती. मी हा शब्द पूर्ण जाणिवेने वापरतो. 17 सप्टेंबरला आपण झेंडा लावतो आणि तो लावलाच पाहिजे. पण याच मुक्त प्रदेशावर 1949 च्या अखेरपर्यंत लष्करी गव्हर्नरचा अंमल होता. लोकांनी निवडलेलं सरकार यायला 1952 उजाडलं. मधल्या काळात गावात काय घडलं हे सांगायला ना स्थानिक विधिमंडळ होतं, ना निर्धास्तपणे लिहिणारं वर्तमानपत्र. म्हणून शब्द ताबा असो की मुक्ती, नोंदीची कसोटी तीच राहते : ज्याच्या हाती बंदूक आहे, त्याच्याच हाती वही आहे का?

पहिली वही : रझाकारीची

निजामी राजवटीत सभा घ्यायची तर गश्ती निशाण 53 प्रमाणे आधी परवानगी लागे. 1938 मध्ये स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. मराठी माणसाची बातमी संस्थानात छापणं अवघड होतं. म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक पुण्याहून सुरू केलं. संस्थानात त्यावर बंदी आली की ते नवं नाव घेऊन पुन्हा निघे. अत्याचारांची नोंद सरहद्दीबाहेर ठेवायची आणि तिथून आत पोचवायची, ही पद्धत आपल्याकडे तेव्हाच रुजली होती.

1946 मध्ये नांदेड जिल्ह्यात स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाती इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेची सूत्रं आल्यावर तिच्या सशस्त्र स्वयंसेवकांची, म्हणजे रझाकारांची, संख्या आणि मुजोरी वाढत गेली. 29 नोव्हेंबर 1947 चा जैसे थे करार कागदावर राहिला. गावं लुटली गेली, घरं पेटली, माणसं सरहद्द ओलांडून उमरखेड, वाशीम, बार्शी, सोलापूरकडे निघाली. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, पण सरहद्दीवरचे लढ्याचे कॅम्प चालू होते. कॅम्पवरचे तरुण करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करत, आणि गाव सोडून आलेली माणसं तिथेच आपली हकिकत सांगत. आमच्या भागातल्या वापटीच्या बहिर्जी शिंदे यांनी या लढ्यात प्राण दिले. वसमतचं महाविद्यालय आज त्यांचं नाव सांगतं.

या हकिकती स्टेट काँग्रेसच्या पत्रकांत आल्या, सीमेवरच्या वर्तमानपत्रांत आल्या आणि 1948 मध्ये भारत सरकारने काढलेल्या हैदराबादविषयीच्या श्वेतपत्रिकेतही आल्या. ऑगस्ट 1948 मध्ये 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. ते मुसलमान होते आणि भारतात विलीनीकरण व्हावं असं उघड लिहीत होते. नोंद ठेवणाऱ्यालाच संपवायचं, हे प्रत्येक जुलमी सत्तेला आधी सुचतं. म्हणून रझाकारीची आठवण काढताना शोएबुल्लांचं नाव पहिल्या ओळीत हवं.

या पहिल्या वहीचं मोल मोठं आहे, पण तिची मर्यादाही सांगायला हवी. ती लढणाऱ्या पक्षाने आणि कारवाईच्या तयारीत असलेल्या सरकारने लिहिली. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात मे 1948 मध्ये झालेलं हत्याकांड सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मृतांचा आकडा सांगणारागणिक बदलतो. ऑगस्टमधल्या तेलंगणातल्या बैरनपल्लीचंही तसंच. तेव्हा माणसं वाचवायची होती, खानेसुमारी करायला सवड नव्हती. पण पुढच्या 75 वर्षांत ती सवड मिळाली होती. आपण स्मारकं उभारली, भाषणं केली, आणि नावांच्या पूर्ण याद्या मात्र राहून गेल्या.

दुसरी वही : कपाटातली

पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत संस्थानातल्या मुसलमानांवर जे कोसळलं, त्याची पहिली मोठी नोंद सुंदरलाल मंडळाची आहे. पंडित नेहरूंच्या पुढाकाराने हे मंडळ गेलं. सुंदरलाल हे 'भारत में अंग्रेज़ी राज' या जप्त झालेल्या ग्रंथाचे लेखक, तर काझी अब्दुल गफार हैदराबादच्या 'पयाम' या वृत्तपत्राचे संपादक. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात त्यांनी संस्थानाच्या 16 पैकी 9 जिल्ह्यांना भेटी दिल्या. जिल्ह्यांची 7 ठाणी, 21 शहरं आणि 23 मोठी खेडी त्यांनी पाहिली. ज्या 109 गावांना पोचता आलं नाही, तिथल्या 500 हून अधिक लोकांच्या तोंडून तिथली माहिती घेतली.

अहवालाचा निष्कर्ष असा : पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान 27 हजार ते 40 हजार माणसांचे जीव गेले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली, तिथे 18 हजारांहून कमी माणसं मेली नसावीत. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक हे जिल्हे, तिथे किमान 5 हजार. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. त्या व्यापारी पेठेत मारकाट वीस दिवसांहून अधिक चालली, मुसलमानांची वस्ती सुमारे 10 हजार होती ती जेमतेम 3 हजारांवर आली, हजारावर मारले गेले आणि उरलेले पळून गेले, असं मंडळाने लिहिलं.

या अहवालाचं सगळ्यात मोठं बळ त्याच्या समतोलात आहे. आधीच्या रझाकारी जुलमाने लोक किती पोळले होते, हे त्यात आहे. ज्या लष्करी अधिकाऱ्यांनी शिस्त राखली आणि मुसलमानांना वाचवलं त्यांची वाखाणणी आहे. काही ठिकाणी सैनिकांनीच पुरुषांना गावाबाहेर नेऊन मारलं, हेही स्पष्ट लिहिलं आहे. शेजारधर्म पाळून मुसलमानांना पाठीशी घालणाऱ्या हिंदूंचाही उल्लेख आहे. सुंदरलालांनी कोणाचा खटला चालवला नाही, जे पाहिलं आणि ऐकलं ते मांडलं.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. ते सद्भावना मंडळ होतं. चौकशी आयोगाचे अधिकार त्याला नव्हते, कोणाला समन्स काढता येत नव्हतं. हाती जेमतेम तीन आठवडे होते. आणि मुख्य म्हणजे अहवाल गोपनीय राहिला. सरदार पटेलांना मंडळाची मांडणी मान्य नव्हती. देश नुकताच फाळणीच्या आगीतून बाहेर पडत होता, ती आग पुन्हा भडकेल ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण वर्षं गेली, दशकं गेली, तरी कपाट उघडलं नाही. 1988 मध्ये ओमर खालिदी यांनी संपादित केलेल्या ग्रंथातून या नोंदीकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं आणि 2013 मध्ये ए. जी. नूराणी यांच्या पुस्तकातून ती सामान्य वाचकापुढे आली. तोवर साक्षीदारांची एक अख्खी पिढी गेली होती.

न्यायाच्या बाबतीतही तोल राहिला नाही. कासीम रझवीवर खटले चालले, बीबीनगर दरोडा प्रकरणात शिक्षा झाली आणि 1957 मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला. सप्टेंबरनंतरच्या हत्यांसाठी स्वतंत्र चौकशी आयोग कधी नेमला गेला नाही.

आकड्यांची ओढाताण

नावं नसली की आकडे मोकाट सुटतात. सुंदरलाल 27 ते 40 हजार म्हणतात. कॅनडाचे अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी 1950 मध्ये 50 हजार ते 2 लाख अशा अंदाजांची नोंद केली. एक बाजू मोठा आकडा घेऊन बसते, दुसरी 'असं काही झालंच नाही' म्हणते. दोघींनाही गावाचं नाव विचारलं की वाद थांबतो.

आमच्या दृष्टीने एक गोष्ट फार महत्त्वाची. अहवालाने नाव घेतलेल्या त्या आठ जिल्ह्यांत परभणी नाही. म्हणजे हिंगोली, औंढा, वसमत, सिद्धेश्वर हा टापू त्या यादीबाहेर आहे. याचा अर्थ इथे काही घडलं नाही असा काढू नये, आणि खूप काही घडलं असावं असाही काढू नये. आपल्याजवळ नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत या काळावर मोलाचं लेखन झालं आहे. अनंत भालेरावांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहास लिहिला. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर यांनी हैदराबादच्या विमोचनाची चिकित्सा केली. अलीकडे टेलर शर्मन, सुनील पुरुषोत्तम यांसारख्या इतिहासकारांनी पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसेचा अभ्यास केला. पण लढ्याचा इतिहास मराठीत आणि नंतरच्या हत्यांचा इतिहास इंग्रजीत, अशी ही फाळणी झाली आहे. दोन्ही एकाच गावात घडलं, मग दोन्ही एकाच भाषेत, एकाच शेल्फवर का नकोत?

उशिरा घेतलेली साक्ष

नोंद वेळेवर झाली नाही तर काय होतं, याचा धडा मराठवाड्याने घेतला आहे. स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनासाठी सरहद्दीवरच्या कॅम्पांत काम केल्याचे दाखले पुढे दशकांनी लागले. कॅम्पांची हजेरीपत्रकं राहिली नव्हती. मग ज्येष्ठ सैनिकांची शपथपत्रं हाच पुरावा ठरला. खऱ्या माणसांना खेटे घालावे लागले आणि खोट्यांना वाट मिळाली. बीड जिल्ह्यातली बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं न्यायमूर्ती पालकर आयोगापुढे गेली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. ज्यांनी खरोखर जीव धोक्यात घातला, त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहू लागले. वेळेवर लिहिलेलं एक साधं रजिस्टर हे सारं टाळू शकलं असतं.

इतरांनी कसं केलं

वेळेवर केलेल्या नोंदीचं उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. 1919 मध्ये पंजाबात मार्शल लॉ होता. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने स्वतःची समिती नेमली. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले मुकुंदराव जयकर तिचे सदस्य होते. त्यांनी 1,700 वर साक्षी तपासल्या आणि सुमारे 650 जबान्या छापल्या. एकाही ठिकाणी अतिशयोक्ती नको हा गांधीजींचा आग्रह होता, आणि 1920 च्या वसंतात अहवाल जनतेच्या हाती होता. इंग्रज सरकारच्या हंटर समितीची वाट पाहत ते बसले नाहीत.

बोस्नियाच्या युद्धात दोन लाख माणसं मेली असं सर्वत्र बोललं जात होतं. सारायेवोच्या एका संशोधन केंद्राने एकेक नाव गोळा केलं आणि 2007 मध्ये 97,207 नावं जाहीर केली. आकडा निम्म्यावर आला म्हणून काहींना राग आला. पण आता ती नावं कोणी नाकारू शकत नाही, कारण प्रत्येकामागे घर आहे, वय आहे, तारीख आहे. वेस्ट बँकेत 1979 मध्ये पॅलेस्टिनी वकिलांनी स्थापलेली अल-हक ही संस्था क्षेत्र कार्यकर्त्यांमार्फत साक्षीदारांची शपथपत्रं घेते. युक्रेनमध्ये 2014 पासून संयुक्त राष्ट्रांचं निरीक्षण पथक पडताळलेलेच मृत्यू मोजतं आणि खरा आकडा याहून जास्त असेल, असं दर वेळी बजावतं.

या सगळ्यांतून चार नियम दिसतात. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं वेगळं लिहायचं. एका साक्षीला दुसरा आधार शोधायचा. साक्षीदाराला धोका होईल असं काही उघड करायचं नाही. आणि एक प्रत त्या प्रदेशाबाहेर ठेवायची.

आता काय करायचं

1948 मध्ये जो दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीकडे आला आहे. वेळ फार नाही, पण फक्त आठवणींवरच विसंबायचीही गरज नाही. गावात कागद आहेत. 1954 च्या सुमाराचं खासरा पत्रक प्रत्येक तहसिलात सापडतं. त्याच्या आधीचे उर्दूतले महसुली कागद समोर ठेवले, तर कोणाची जमीन कोणाच्या नावावर गेली हे कळतं. जुन्या शाळांचं दाखल-खारीज रजिस्टर पाहिलं, तर कोणत्या घरची मुलं कोणत्या महिन्यानंतर शाळेत आलीच नाहीत हे दिसतं. दर्ग्यांचे, मशिदींचे, देवस्थानांचे इनामी कागद आहेत. निजाम काळातलं मोठं दप्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे. ते वाचायला उर्दू लागते, आणि मराठवाड्यात उर्दू जाणणारी तरुण मुलं भरपूर आहेत. त्यांना मराठी शाळांतल्या मुलांबरोबर एका टेबलाशी बसवलं तर काम पुढे सरकेल आणि गावही जवळ येईल.

सिद्धेश्वर-येलदरीच्या पाण्याखाली तेव्हाची शिवारं आणि वाटा गेल्या आहेत. जुनी माणसं 'त्या नाल्यापाशी', 'त्या चिंचेखाली' म्हणतात आणि हात धरणाच्या पाण्याकडे जातो. जागा दाखवता येत नाही, पण नकाशावर खूण करता येते. ती आजच करायला हवी.

माझं म्हणणं एका वाक्यात मावतं : वही एकच असावी. रझाकारांनी मारलेला शेतकरी आणि पोलीस ॲक्शननंतर मारलेला मोमीन विणकर, दोघांची नावं एकाच यादीत, तारखेच्या क्रमाने यावीत. ज्यांनी मारलं त्यांच्या नातवंडांची नावं त्यात नकोत. हिशेब पुढच्या पिढीवर ढकलण्यासाठी ही वही नाही. शोएबुल्ला खान यांच्या मरणाने आपलं मन हलतं, तर विहिरीतल्या त्या बाईच्या मरणानेही ते हलायला हवं, आणि गोरट्याच्या माणसांच्याही.

येत्या 17 सप्टेंबरला झेंडावंदन झालं की गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे जा. हिंदूच्या घरी जा, मुसलमानाच्याही घरी जा. शंभर पानी वही घ्या, रकाने आखा : नाव, बापाचं नाव, वय, गाव, कोणत्या सणाच्या सुमारास, कुठे, कोणी पाहिलं, कोणी ऐकलं. माहीत नसेल तो रकाना रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा आणि दुसरी जिल्ह्याबाहेरच्या एखाद्या ग्रंथालयात द्या. एका गावाने एक नाव जरी खात्रीने लिहिलं, तरी पंचाहत्तर वर्षांत न झालेलं काम सुरू झालेलं असेल.